सातव्या गाण्यानंतर

वही माझ्याकडे आली ती अक्षरामुळे. दुसरं काही कारण नव्हतं. मी अंबरनाथला मराठी शाळेत शिकलो, आणि आमच्या बाईंनी इंग्रजी मुळाक्षरंसुद्धा चार रेघांत घोटून घेतली होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. उल्हासनगरला कॉलेजात इंग्रजी बोलायची वेळ आली की माझी जीभ अडखळायची, पण माझं लिहिलेलं पाहून कोणालाही वाटलं असतं की हा मुलगा कॉन्व्हेंटचा आहे.

वही म्हणजे रॉक शोची वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची. एका शोला एक पान. डाव्या बाजूला गाणी, ज्या क्रमाने वाजवली त्या क्रमाने. उजवीकडे एक रकाना, त्याचं नाव ‘पब्लिक’. कितव्या गाण्याला लोक खुर्च्यांवर चढले, टाळ्या ठेक्यात होत्या की कशाही, मागच्यांनी ‘खाली बसा’ म्हणून ओरडा केला का, वन्स मोअर किती वेळ मागितला. आणि एक नियम होता. पान आधी पेन्सिलीने लिहायचं. शोला हजर असलेल्या दोघांच्या सह्या झाल्या की मगच शाईने.

नियम बदलापूरच्या मित्राचा होता. तो माझ्या दोन वर्षं पुढे, वडील एका कंपनीत ऑफिसर. त्याने मुंबईत चार शो पाहिले होते. पुण्यातल्या दोघा-तिघांशी त्याचा पत्रव्यवहार होता; ते त्यांच्या याद्या पाठवायचे, हा आमच्या. तिसरा माझ्याच वर्गातला सिंधी मित्र. त्याच्या चाचांचं उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कॅसेटचं दुकान होतं. तुम्ही सांगाल ती गाणी ते कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे. दुकानाच्या पोटमाळ्यावर रविवारी सकाळी आमची बैठक असायची.

“पहिलंच गाणं संथ? पब्लिक झोपेल ना यार,” सिंधी मित्र म्हणायचा.

“झोपत नाही. आधी अडवून धरायचं आणि तिसऱ्या गाण्याला सोडायचं,” बदलापूरचा मित्र सांगायचा.

“पब्लिक आहे का बारवी धरणाचं पाणी?”

असे वाद तासतासभर चालायचे. मी लिहून घ्यायचो. मला कोणी फारसं विचारत नसे, आणि त्याचं मला बरंच वाटायचं. कारण मी एकही शो पाहिलेला नव्हता. गणपतीत आमच्या चाळीपुढे ऑर्केस्ट्रा यायचा, लोक फर्माइशीच्या चिठ्ठ्या स्टेजवर पाठवायचे, तेवढंच मी समोर बसून ऐकलेलं गाणं.

आमचा सगळ्यात लाडका एक परदेशी बँड होता. त्याच्या लाइव्ह शोची कॅसेट चाचांनी आम्हा तिघांना भरून दिली होती. गाण्यांना आम्ही आमचीच नावं ठेवली होती. ज्याचा ड्रम टापांसारखा, तो घोडा. ज्याची गिटार एमआयडीसीतल्या पाळीच्या भोंग्यासारखी सुरू व्हायची, तो भोंगा. आणि सगळ्यात शेवटी, घंटेने सुरू होणारं एक छोटंसं हळुवार गाणं, ते देऊळ. देऊळ संपलं की टेपवर काहीच नसायचं. टाळी नाही, शिट्टी नाही, कोणाचा खोकलासुद्धा नाही.

“हजारो माणसं उभी आहेत,” बदलापूरचा मित्र सांगायचा, “आणि टाळी वाजवायची शुद्ध एकालाही नाही. याला म्हणतात पब्लिक.” पुण्याच्या पत्रांतही त्याने या शांततेबद्दल लिहिलं होतं. कुठल्याही शोची चर्चा शेवटी तिथेच यायची. देवळाच्या जवळपास गेलं का? नाही ना? मग सोड.

तोच बँड मुंबईला आला. बदलापूरच्या मित्राने तीन तिकिटं मिळवली. मग त्याची प्रॅक्टिकलची परीक्षा नेमकी त्याच दिवशी लागली, आणि सिंधी मित्राच्या घरी बहिणीचं लग्न निघालं. त्यांची तिकिटं कॉलेजातल्या दुसऱ्यांनी घेतली. माझं राहिलं.

“तू जा. लिस्ट आण,” बदलापूरचा म्हणाला. “आणि नुसतं स्टेजकडे बघत बसू नकोस. पब्लिक बघ. देऊळ वाजवलं तर...” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने असं यापूर्वी कधी केलं नव्हतं.

घरी मी कॉलेजचा कार्यक्रम आहे असं सांगितलं. बाबा केमिकल कंपनीतल्या पाळीवरून येऊन नुकतेच जेवायला बसले होते.

“कसला कार्यक्रम?”

“गाण्याचा.”

“मग परीक्षेला निघाल्यासारखं तोंड का केलंयस?”

आईने डबा नेतोस का म्हणून विचारलं.

शो दुपारी उशिरा सुरू झाला, मोकळ्या मैदानात. खिशात घडी घातलेला कागद आणि दोन पेन्सिली होत्या. पहिला घोडा वाजला आणि तो मी ओळखला, तेव्हा मला इतका आनंद झाला की लिहायचंच राहून गेलं. दुसरं गाणं मात्र ओळखू येईना. टेपवर जे गाणं छोट्या स्पीकरमधून कानात यायचं ते इथे बरगड्यांवर आदळत होतं. गायक शब्द अर्धेच म्हणत होता, उरलेले पब्लिक म्हणत होतं. मी शेजारच्याला विचारलं, “हे कुठलं?”

“बॉस, शो ऐकायला आलास की पेपर द्यायला?”

त्यानंतर कोणाला विचारायची हिंमत झाली नाही. तरी अंदाजाने, धडपडत, सहा गाणी कागदावर उतरवली. सातव्याला भोंगा सुरू झाला आणि मागून सगळं मैदान पुढे सरकलं. माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत हे मला थोड्या वेळाने कळलं. छाती दोन्ही बाजूंनी दाबली गेली होती. श्वास आत जाईना. ओरडलो असेन, कोणाला ऐकू जाणार? कोणीतरी मला दंडाला धरून ओढलं, डोक्यांवरून पुढे ढकललं, कठड्यापलीकडच्या माणसांनी उतरवून घेतलं, आणि मी फाटकाबाहेर आलो.

थोडा वेळ रस्त्याच्या कडेला बसून परत गेलो, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, “एकदा बाहेर म्हणजे बाहेर.” मी हुज्जत घातली नाही. खरं सांगायचं तर त्याने नाही म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. अजून उजेड होता. भिंतीबाहेर नुसता धपधप आवाज येत होता, कोणी लांब खडी फोडत असावं तसा. त्यातून एकही गाणं वेगळं काढता येईना. मी घरी आलो.

रविवारी पोटमाळ्याचा जिना चढताना वाक्य तयार होतं: मला सातच गाणी ऐकायला मिळाली. पण वर दोघं वही उघडून बसले होते. सिंधी मित्राने पेन्सिलीला टोक करून ठेवलं होतं.

“बोल!”

मी सात सांगितली.

“पुढे?”

आणि मी पुढे सांगितलं. टेपवरचा क्रम माझ्या तोंडातून आपोआप येत गेला. मी गाणं उच्चारायच्या आधीच ते माना डोलवायचे, कारण त्यांच्याही कानात तोच क्रम बसलेला होता. खोटं बोलणं इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं.

“शेवटी देऊळ,” मी म्हणालो.

बदलापूरचा मित्र पुढे वाकला. “आणि पब्लिक?”

“शांत.”

“टाळी?”

“नाही.”

“मी काय सांगत होतो!” त्याने सिंधी मित्राच्या पाठीत गुद्दा घातला. मला ते त्यांनी तीन वेळा सांगायला लावलं. मग मी माझ्या चांगल्या अक्षरात सगळं पेन्सिलीने लिहिलं आणि खाली सही केली.

दुसरा साक्षीदार नाही, पान पेन्सिलीतच राहील, एवढा मला आधार होता. मित्रांची तिकिटं घेणाऱ्या दोघांना वहीचा पत्ताही नव्हता. बुधवारी कॉलेजच्या जिन्यात बदलापूरच्या मित्राने मला गाठलं. “अरे, माझा मावसभाऊ पण होता शोला! दादरला असतो. रविवारी येतोय. पान पक्कं करून टाकू.”

ते चार दिवस कसे गेले ते मला अजून आठवतं, आणि आठवायला नकोसंही वाटतं. वही माझ्या घरी ट्रंकेत होती. दोनदा मी खोडरबर घेऊन बसलो. पण खोडलं तर का खोडलं ते सांगावं लागणार. आजारी पडावं असं वाटलं, पण ताप काही येईना. आईने दोन दिवस माझं उरलेलं ताट पाहिलं आणि विचारलं, “कॉलेजात काही झालं का?” तिला काय सांगणार होतो? रॉक शो म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागली असती. आणि भीती तरी नक्की कसली होती? मारणार तर नव्हते. पण त्या पोटमाळ्यावर मी अक्षरासाठी होतो, आणि गेल्या रविवारी पहिल्यांदा त्यांनी माझं म्हणणं ऐकलं होतं.

मावसभाऊ हसतमुख निघाला. सिंधी मित्राने खालून दाल-पकवान आणलं होतं, डाळ आणि कुरकुरीत पुऱ्या, ते खात, पानावर बोट ठेवत तो वाचू लागला.

“घोडा म्हणजे? हां, तो. बरोबर. हे बरोबर. भोंगा! त्याला काय रेटारेटी झाली राव. एक-दोघांना उचलून बाहेर काढलं.”

मी पकवानाचा तुकडा हातात धरून बसलो होतो.

“हे नंतर झालं बहुतेक... हे तर अगोदर. जाऊ दे. देऊळ कुठलं?”

सिंधी मित्राने चाल गुणगुणून दाखवली.

“हे नाही वाजवलं.”

“शेवटी वाजवलं,” बदलापूरचा म्हणाला.

“शेवटी घोड्याचाच तुकडा परत घेतला आणि गेले. पब्लिकने केवढा गोंधळ घातला! शांत कसलं?”

“तू आधीच निघाला असशील.”

“मी? शेवटपर्यंत होतो.”

“मग मित्रांबरोबर दंगा करत असशील. हा लिहून घेत होता. टेपवर पण शेवटी तेच आहे.”

“दादा, पाणी प्यायला गेला असशील,” सिंधी मित्र म्हणाला. “तेवढ्यात देव येऊन गेला.”

मावसभावाने माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे पाहिलं. मग तो हसला. “असेल बाबा. इतक्या सुंदर अक्षरात लिहिलंय म्हणजे असेलच. आण पेन.”

मी वाचलो होतो. पण त्याने बोटं रुमालाला पुसली, पेन उघडलं, आणि मला दिसलं की तो आता जे स्वतः पाहिलं ते खोटं धरणार आहे. माझ्या अक्षरामुळे.

“सही करू नकोस,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. मग सगळं सांगितलं. भोंगा, फाटक, भिंत, खडी.

मावसभावाने पेनला टोपण लावलं. मग म्हणाला, “पण मग टेपवर ते कसं? लाइव्हमध्ये ते गाणं नाहीच आहे. ओरिजिनल आहे माझ्याकडे.”

सिंधी मित्राने जिन्यातून खाली हाक मारून शेवटच्या गाण्याचं विचारलं. चाचा अर्धा जिना चढून आले. त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं.

“वो लास्टवाला? वो तो मैंने डाला. साठ का कॅसेट, तीन मिनट खाली बच रहा था. गिऱ्हाईकाला खाली टेप देऊ काय? उसी बँड का दूसरा कॅसेट पड़ा था, छोटा गाना बरोबर बैठ गया. आणि गान्यांची लाइन पण थोडी बदलली, नाहीतर लांब गाना मधेच कटतो. गाना काटायचा नाय, तो अपना उसूल है.” त्यांनी आमचे चेहरे पाहिले. “क्यों, आवाज साफ नहीं आया?”

मावसभावाने हसू दाबलं. बदलापूरचा मित्र मात्र टेपरेकॉर्डरकडे बघत राहिला. ती शांतता कुठल्याही पब्लिकची नव्हती. स्टुडिओतली होती. दोन वर्षं तो तिच्याबद्दल बोलत होता, आणि मी तर ती प्रत्यक्ष ऐकून आलो होतो.

मग त्याने मला विचारलं, “खरी किती ऐकलीस?”

“सहा. आणि भोंगा अर्धा.”

“बाकीचं खोड.”

मी खोडलं. मी दाबून लिहितो, त्यामुळे अक्षरं गेली तरी कागदावर त्यांचे खड्डे राहिले. मग त्याने वही माझ्या हातातून काढून सिंधी मित्राला दिली आणि मावसभावाला पुढची गाणी सांगायला सांगितलं.

“याचं अक्षर कोणाला वाचता येणार आहे?” पहिली ओळ पाहून मावसभाऊ म्हणाला.

“चालेल,” बदलापूरचा म्हणाला.

पुढच्या रविवारी मी दुकानावरून दोनदा पुढे गेलो. तिसऱ्यांदा चाचांनीच हटकलं, “ऊपर जा ना, दोनों लड़ रहे हैं.”

भांडण पुण्याच्या पत्रावरून होतं. सिंधी मित्राचं म्हणणं, देवळाचं काही कळवू नये. पुण्यात कोणाला कळणार आहे? बदलापूरचा म्हणत होता, कळवावंच लागेल, आणि आपण गाढव होतो हेही लिहावं लागेल. मी जिन्याच्या तोंडाशीच उभा होतो. ये म्हणून कोणी म्हटलं नाही, जा म्हणूनही नाही.

“तू सांग,” बदलापूरचा अचानक माझ्याकडे वळला. त्याच्यासमोर ते पान उघडं होतं. “भोंग्याला पब्लिक पुढे का आलं? गायकाने बोलावलं का? याचं म्हणणं, हात केला होता,” त्याने सिंधी मित्राकडे बोट दाखवलं.

‘हो’ म्हणणं सोपं होतं. सिंधी मित्राने ते मावसभावाकडूनच ऐकलं असावं.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “मला स्टेज दिसतच नव्हतं.”

त्याने पान पुढे सरकवलं.

“लिही,” त्याने सिंधी मित्राला सांगितलं. “का ते माहीत नाही.”

सिंधी मित्राने ते त्याच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं. मी भिंतीशी ठेवलेल्या रिकाम्या खोक्यावर बसलो, आणि ते दोघं पुन्हा पुण्याच्या पत्रावरून भांडू लागले.