अठ्ठावीस कुलपांची वस्ती

"निर्जन? आन मी काय भूत हाय व्हय?"

गायाबाईचा आवाज असा, की धारूरच्या घाटात ट्रकांनी आपोआप ब्रेक मारावेत. त्या दिवशी लिंबावरचे जे कावळे उडाले, ते माझ्या अंदाजानं थेट तलवाड्याला जाऊन बसले. समोर तपासणीचे साळवी साहेब हातात टॅब धरून उभे. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात नुकतंच लिहिलं होतं, 'वस्ती निर्जन आढळली.' चूक एवढीच झाली, की लिहिता लिहिता ते मोठ्यानं वाचलं.

"आजी, मला जे दिसतं तेच मी लिहितो," साहेब म्हणाले. "एकतीस घरं. अठ्ठावीस घरांना कुलूप. लाभार्थी कुठं आहेत?"

"उसाला गेल्यात. अजून कुठं जातेत?"

"मग ते परत आल्यावर तपासणी करू."

"आन तुमचा पैसा तवर थांबतोय का?"

याचं उत्तर मला पाठ होतं. थांबत नाही.

मी तेव्हा त्या भागाचा शाखा अभियंता. म्हणजे खडी, मुरूम, सिमेंट आणि लोकांच्या शिव्या, या चार मालांचा घाऊक व्यापारी. घर आमचं लिंगायत वाण्याचं, केजला किराणा. वडील सांगायचे, तराजूला बोट लावायचं नाही. बोलण्यात थोडं लागलं तर महादेव माफ करतो. त्यामुळं सगळा तालुका मला इंजिनिअर न म्हणता आप्पाच म्हणायचा.

वस्ती युसूफ वडगावच्या पुढं. नाव सांगत नाही, तिथली मंडळी अजून मला फोन करतात. डांबरीपासून दीड किलोमीटर आत, सगळं काळं रान. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात त्या चिखलात पाय घातला, की बूट पुढच्या नांगरटीलाच सापडायचा. मागासलेल्या वस्त्यांच्या सुधारणेसाठी सरकारचा निधी असतो. त्यातून ह्या वस्तीला रस्ता मिळावा म्हणून मी पाच वर्षं कागद वर पाठवत होतो. सहाव्या वर्षी मंजुरी आली. साहेबांना वाटलं असेल आपण दिली. मला विचाराल तर फाइलच कंटाळून स्वतः सही करून आली.

पण मंजुरी म्हणजे काम नव्हे. आधी त्रयस्थ तपासणी. म्हणजे ज्याचा कामाशी संबंध नाही असा अधिकारी येऊन बघणार, की वस्ती खरोखर आहे का, यादीतली माणसं राहतात का. ॲपमध्ये प्रत्येक घराचा फोटो टाकायचा, दारात लाभार्थी उभा. मग वर्क ऑर्डर. आणि वर्क ऑर्डर मार्चअखेरच्या आत निघाली नाही तर निधी परत. परत गेलेला निधी आणि लग्न मोडून परत गेलेला नवरदेव, दोघंही पुन्हा त्याच दारात येत नाहीत.

तपासणी लागली जानेवारीत. जानेवारीत ह्या वस्तीत माणूस शोधणं म्हणजे मे महिन्यात विहिरीत पाणी शोधणं. दसरा झाला, की बैलगाड्या ट्रकवर चढवून सगळे कारखान्यावर. मागं राहतात ती ज्यांच्या हातून कोयता सुटला ती. त्या वर्षी तीन जणं होती. एक डोळ्यानं अधू झालेले बाबा, एक म्हातारी जी फक्त शेळ्यांशी बोलायची, आणि गायाबाई.

गायाबाईच्या ओरडण्याला कारण होतं. दीड वर्षामागं श्रावणात तिची सून अडली. अँब्युलन्स डांबरीवर उभी, मधे दीड किलोमीटर चिखल. चौघांनी बाजेवर घालून नेलं. निम्म्या वाटेत, भर पावसात, वर ताडपत्री धरून बाळंत झाली. पोरगी जगली. सून तीन दिवस दवाखान्यात शुद्धीवर नव्हती. आता ती पुन्हा गरोदर होती. चौथा महिना. म्हणजे बाळंतपण पुन्हा ऐन पावसाळ्यात.

"आप्पा," गायाबाई मला आधीच बजावून गेली होती, "आषाढाच्या आत रस्ता पायजे. दुसऱ्यांदा ती बाज मी उचलू देणार न्हाई."

साळवी साहेब रागावले नाहीत. ते रागावत नसत, हाच त्यांचा मोठा दोष. शांतपणे जीपमध्ये जाऊन बसले आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत अहवाल अपलोड करतो."

सरपंच तात्यांनी मला दंडाला धरून लिंबामागं नेलं.

"आप्पा, कावून टेन्शन घेता? उद्या वडगावला बाजार हाय. टेम्पोभर माणसं आणतो. भजे खाऊ घालू. एकेकाला एकेका दारात हुबं करू. फोटो काढला की झालं. ह्या सायबाला काय ठाव, कोण रामा आन कोण शामा?"

"तात्या, हे बरं दिसतं का?"

"फोटूत बरंच दिसंल की!"

खोटं कशाला सांगू, माझी मान निम्मी हलली होती. उरलेली निम्मी हलायच्या आत मागून गायाबाई आली. म्हातारीचे कान म्हणजे शेजारच्या तालुक्यात भाकरी थापली तरी हिला ऐकू जावी.

"तात्या! माह्या सुनंच्या दारात दुसरीच बाई हुबी करतोस? लाज हाय का?"

"आगं मावशे, फोटूपुरती..."

"ती जाताना किल्ली माह्या हातात देऊन गेली. अठ्ठावीस घरांच्या किल्ल्या हायत माह्याकडं. मी आजवर कुणाच्या दारात कुत्रं बसू दिलं न्हाई, आन तू बाजारातली माणसं बसवतोस व्हय?"

"मग जाऊ दे रस्ता! मला काय!" तात्या तडकले आणि मोटारसायकलवर बसून गेले. जाताना तीन वेळा किक मारावी लागली, त्यामुळं रागाला म्हणावी तशी धार आली नाही.

मी डोक्याला हात लावून बसलो. गायाबाई सरळ जीपपाशी गेली आणि खिडकीत तोंड घातलं.

"सायब, तुमचं गाव कंचं?"

"कोकणात. राजापूरकडं."

"घर हाय तिथं?"

"आहे."

"राहतं कोण?"

"सध्या कुणी नाही. गणपतीत जाऊन उघडतो."

"बाकी साल कुलूप?"

"हो."

"मग ते निर्जन हाय का तुमचं हाय?"

मी साहेबांच्या तोंडाकडं पाहिलं. कोकणी माणूस, उत्तराला उत्तर असणारच, असं मला वाटलं. पण त्यांनी टॅब बंद केला.

"माणसं दाखवा," ते म्हणाले. "दोन दिवस अहवाल थांबवतो."

"इथं कशी आणू? एक दिस कोयता बंद ठिवला तर टोळीचा मुकादम खाडा लावून पैसं कापतोय."

"मग मी जातो तिकडं. कुठं आहेत?"

हे ऐकून मी एवढा दचकलो की खाली पडता पडता वाचलो. तीस वर्षांच्या नोकरीत तपासणी अधिकारी लाभार्थ्याकडं स्वतःहून गेलेला मी पहिल्यांदा बघत होतो. जीपच्या लॉगबुकात मी लिहिलं, 'स्थळ पाहणी.' किती किलोमीटर ते लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गायाबाई पुढच्या सीटवर, साहेब मागं माझ्याशेजारी. तिला गाडी लागते म्हणून तिनं तीच सीट मागितली आणि मग सगळ्या रस्त्यानं ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते शिकवलं.

कारखान्याच्या गाडीतळावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गाडीतळ म्हणजे बैलगाडीवाल्या तोडकऱ्यांचा मुक्काम. बांबूच्या तट्ट्या आणि उसाचं पाचट यांच्या कोप्या, जिकडं नजर जाईल तिकडं कोप्या. दोन-अडीच हजार तरी असतील. मी सांगतोय म्हणजे निम्म्या धरा. साहेबांनी टॅबवरची यादी वर-खाली केली.

"ह्यातून आपली अठ्ठावीस कुटुंबं कशी शोधायची?"

"शोधायची कशाला?" गायाबाई म्हणाली. "या माह्या मागं."

ती एका रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "तुमच्या यादीत पयलं घर कुणाचं हाय?"

साहेबांनी वाचलं. गायाबाईनं पहिल्या कोपीवर हाक मारली. तोच माणूस बाहेर आला, तोंडावरची काजळी पुसत.

"दुसरं?"

दुसऱ्या कोपीतून दुसऱ्या नंबरची बाई. तिसरीतून तिसरा. चौथीतून चौथा. मी ह्या भागात इतकी वर्षं काढली, पण हे मला माहीत नव्हतं. वस्तीत जसा शेजार, तशाच तळावर कोप्या. घराचा क्रम मोडायचा नाही. साहेब टॅबवर बोट ठेवत चालले होते आणि यादी पुढं सरकत होती, जणू काल त्यांनी जी वस्ती पाहिली तीच कुणीतरी उचलून इथं मांडली होती.

अकराव्या कोपीत गायाबाईचा लेक आणि सून. सून नुकतीच उसाच्या फडावरून आली होती. डोक्यावर बैलांसाठी वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा, कडेवर ती बाजेवर झालेली पोरगी. साहेबांनी सुनेकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं, मग टॅबकडं पाहिलं.

पुढं जाऊ लागले तर रांगेत एक कोपीभर मोकळी जागा. तिथं बैल बांधलेला.

"बारा नंबर कुठाय?"

"ते मी," गायाबाई म्हणाली.

"पण इथं तर कोपी नाही."

"मी गावाकडं असते की. कोपी कशाला पायजे?"

"मग जागा मोकळी का सोडली? तेरावी कोपी इकडं सरकवायची."

आता सुनेनं उत्तर दिलं. "सरकवली की शेजार बदलतो, सायब. शेजार बदलला की भांडण. मागं एका मुकादमानं सरकवून बघितलं, आठ दिस ऊस तसाच हुबा राह्यला."

अशा मोकळ्या जागा तीन निघाल्या. बाराव्या नंबरला, एकोणिसाव्या आणि सत्ताविसाव्या. साहेबांनी बोटावर मोजलं. अठ्ठावीस कोप्या आणि तीन जागा. एकतीस. काल ज्या तीन दारांना कुलूप नव्हतं, बरोबर त्याच तीन जागा.

साहेबांनी फोटो काढायला टॅब वर केला. टॅबवर लाल पट्टी आली. 'आपण कार्यस्थळी नाही.' दुसऱ्यांदा केला. पुन्हा पट्टी. ॲपला एकच ठाऊक, वस्ती म्हणजे नकाशावरचा ठिपका.

"घेत नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात चिडल्यासारखं काही ऐकू आलं.

"साहेब," मी म्हटलं, "शेऱ्याचा रकाना तर घेतो ना? त्याला कुठं लोकेशन लागतं?"

"त्यात दोनशे अक्षरंच मावतात."

"मग जास्तीचं कागदावर लिहा, आणि दोनशे अक्षरांत लिहा की कागद जोडला आहे."

ते एका उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसले आणि लिहायला लागले. चार पानं. प्रत्येक कुटुंबाचं नाव, घर क्रमांक, कोपीचा क्रम, खाली सही नाहीतर अंगठा. कुणीतरी कोऱ्या चहाचा पेला आणून दिला. मी साखर मागितली तर सून म्हणाली, "आप्पा, कारखाना समोर हाय, घ्या की वाकून." तळ हसला. साहेबही हसले. ते हसतात हे जिल्ह्यात त्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसावं.

परतल्यावर वरून फोन आला, की असा अहवाल स्वीकारायचा नियम नाही. साळवी साहेब म्हणाले, नाकारायचा नियम असेल तर लेखी पाठवा. तो काही आला नाही. पंधरा दिवस फाइल टेबलावर पडून होती. मी रोज जाऊन तिला नमस्कार करायचो. मार्च संपायला थोडे दिवस राहिले असताना वर्क ऑर्डर निघाली. मलाही एक कागद आला, कारणे दाखवा. शासकीय वाहन जिल्ह्याबाहेर का नेलं? मी उत्तर दिलं, 'साइट ऊस तोडायला गेली होती.' त्यावर पुढं काही आलं नाही. फायलीत लागलं असेल, किंवा साहेब लोकांनी घरी वाचायला नेलं असेल.

रस्ता ज्येष्ठात झाला. खडीकरण आणि वर काँक्रीट, दीड किलोमीटर. तो मी असा करून घेतला, की उद्या विमान उतरलं तर वैमानिकानं फक्त शेळ्यांची काळजी घ्यावी. आषाढात अँब्युलन्स गायाबाईच्या दारात येऊन उभी राहिली. सून पायांनी चालत जाऊन गाडीत बसली. मुलगा झाला, दवाखान्यात, पंख्याखाली.

तपासणीचा महिना आणि ऊसतोडीचा महिना एकच असतो, हे मला तीस वर्षं माहीत होतं. पण एकाही फॉर्मवर मी ते कधी लिहिलं नव्हतं, कारण फॉर्मवर तसा रकाना नव्हता. तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावाच्या डोक्यावर लाल शाईनं लिहायचो, 'तपासणी चैत्रात करावी.' वाचायचं कोणी नाही, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या जानेवारीत रस्त्याची अंतिम तपासणी लागली. ह्या खेपेला दुसरे साहेब होते. त्यांनी रस्ता मोजला, ठोकून पाहिला, मग एकमेव दिसलेल्या माणसाला, म्हणजे दारात बसून शेंगा फोडणाऱ्या गायाबाईला, फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न विचारला. "आजी, रस्ता वापरायला कसा आहे?"

गायाबाईनं मान वर केली नाही.

"वापरणारे कामाला गेल्यात. ते आले की इचारा."