इवाई आणि अर्धवट बहुमत

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, विरोधी पक्षाचे. सासऱ्यांचं आमच्याच शहरात, पंडरी बाजारात कापडाचं दुकान. ते सत्ताधारी पक्षाचे. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. मागच्या लोकसभेला मामाजींच्या पक्षाला एकट्याला बहुमत मिळालं, तेव्हा ते भर पंगतीत बाबांना, म्हणजे आपल्या व्याह्यांना, म्हणाले, "इवाई, तुमचा पक्ष आता संपला." बाबा ताटावरून उठले. पुढे पाच वर्षं लग्नकार्यात भेट झालीच तर दोघं नुसते हात जोडायचे.

यंदा निकालाच्या सकाळी भनपुरी वस्तीत बाबांकडची लाइट गेली. जूनच्या उन्हात स्कूटर हाकत ते आमच्या दारात आले. "नातीले भेटाले आलो," म्हणाले, पण नजर टीव्हीवर.

इथल्या हिंदी शाळेत जाणारी माझी मुलगी हसली, "नाना, आप तो रिजल्ट देखने आये हो."

मामाजींनी सोफ्यावर सरकून जागा केली.

दुपारपर्यंत मामाजींचा चेहरा उतरला. पक्ष सगळ्यांत मोठा, पण एकट्याच्या बळावर सरकार बनेना.

"पयला नंबर तं आमचाच," ते पुटपुटले.

"हव. पण आता मित्रपक्षाईले विचारून चाला लागते," बाबा म्हणाले.

आता पेटणार, म्हणून मी पुढे झाले. तेवढ्यात यवतमाळहून मामाजींच्या धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे एका पक्षाचे फुटून दोन झालेले. मामाजींनी स्पीकर लावून विचारलं, "तुनं मत कोनाले देल्लं?"

"दादा, जुनी निशाणी पाहून देल्लं. घरी आलो तं पोट्टी म्हणते, ती निशाणी दुसऱ्याच गटानं नेली!"

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मामाजींनी त्यांना पाणी दिलं आणि मग स्वतःही हसत सुटले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोणता छोटा पक्ष कोणाकडे जाईल, यावर दोघांची खलबतं चालली. एक्झिट पोलवाल्यांना शिव्या घालण्यात तर त्यांचं पूर्ण एकमत झालं.

शपथविधी टीव्हीवर पाहायला मामाजींनी स्वतः फोन करून बाबांना बोलावलं. मित्रपक्षांची माणसं शपथ घेऊ लागली तसे मामाजी चरफडले, "इतके मंत्रीपद काहून देऊन राहिले यायले?"

"एकट्यानं संसार होत नाही, इवाई," बाबा म्हणाले.

सासूबाई चहा घेऊन येत होत्या. "आयकलं का?" त्या मामाजींना म्हणाल्या. "घरातबी आमाले विचारत जा जरा."

मामाजींनी मदतीसाठी बाबांकडे पाहिलं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.