बशीतली त्वचा

भाचीच्या लॅबमध्ये बशीत माणसाची त्वचा वाढवतात, तिला मुद्दाम सोरायसिस देतात आणि मग औषधं लावून बघतात. भाची श्वास रोखून त्या नखाएवढ्या तुकड्यावर थेंब सोडत होती. आजारी पडावं तर असं, वाटून गेलं.

परवा हळदीकुंकवाला शेजारणीने करंडा नुसताच पुढे धरला. "तुम्हीच लावून घ्या हं." माझा हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे तिला माहीत आहे. मीच सांगितलंय, कितीदा तरी.

मी बशीतल्या त्वचेकडे बोट केलं. "हिला खाज सुटते का गं?"

"नाही मावशी, हिला मज्जातंतूच नाहीत."

मी बाही वर सारली. "मग मला लावून बघ ना!"

"माणसांना एवढ्यात नाही गं देता येत," म्हणत ती पुन्हा बशीवर वाकली. बाही खाली ओढायचं मला सुचेना.