टाचणीचा पसंतीक्रम

खालच्या मजल्यावरच्या शिंपीमास्तरांची मुलगी म्हणजे टाचणी. हे नाव मीच ठेवलं. अंगाने बारीक, आणि तोंड उघडलं की टोचणार. मास्तरांना ते आवडलं नाही, पण चिकटलं. माझी नावं चिकटतातच, हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा.

शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलं, तेव्हा टाचणीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय हे अख्ख्या जिन्याला कळलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त तिघींना. तशी तिची लक्षणं आधीपासूनच दिसत होती. दुकानासमोरच्या लंगड्या कुत्र्याच्या पायाला तिने चिंधीची पट्टी बांधली होती, तीही काठाला तुरपाई घालून.

त्या मंगळवारी मी ड्रेस सैल करायला घेऊन गेले. कापड आटलंय, असं सांगितलं. मास्तरांनी एकदा ड्रेसकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं नि सज्जनपणे मान डोलावली. बेतायच्या टेबलावर, खडू आणि कात्रीच्या मध्ये, टाचणीच्या कॉलेज-प्रवेशाच्या अर्जाची प्रत पडली होती. दुसऱ्याच्या कागदात डोकावू नये म्हणतात. मी चष्मा लावून डोकावले.

सहा कॉलेजांचा पसंतीक्रम होता. पहिल्या नंबरावर चौकापलीकडचं साधं कॉलेज, येईल त्याला पदरात घेणारं. आणि जनावरांच्या डॉक्टरकीचं, दहा तासांच्या प्रवासावरचं कॉलेज अगदी तळाला.

विचारलं, तर मास्तर कौतुकाने सांगू लागले की क्रम त्यांनीच सुचवला. नव्या मापाचा कोट असला की ते आधी अस्तर बेततात. चूक व्हायची ती स्वस्त कापडात होऊ दे, भारी कापडाला कात्री सगळ्यात शेवटी.

मी कपाळाला हात लावला. माझा भाचा याच खड्ड्यात पडला होता. मी समजावलं की प्रवेश देताना यादी वरून खाली बघतात, आणि पहिलं नाव मिळालं की खालची पाचही आपोआप रद्द होतात. मास्तरांच्या हातातला खडू थांबला. कोपऱ्यात टाचणी काजं करत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"तुला हे ठाऊक होतं?" मास्तरांनी विचारलं.

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मी लांब गेलेलं तुम्हाला नकोय. तोंडावर सांगवत नाही, म्हणून अस्तराचं सांगताय."

मी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

"अगं पोरी," मास्तर म्हणाले, "मला असं आडून बोलता आलं असतं, तर कापड आटत नाही हे या वरच्या वहिनींना केव्हाच सांगितलं नसतं का?"

अर्ज त्याच दिवशी पाचला बंद होणार होता आणि साडेतीन वाजून गेले होते. पाठवलेला अर्ज एकदाच उघडता यायचा, आणि त्यासाठीचे आकडे बापाच्या फोनवर यायचे. मास्तरांनी ते आकडे गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसे, एकेक करून, दोनदा वाचले. टाचणीने यादी खालची वर केली. शेवटचं बटण दाबताना तिचं बोट अडलं. इथली काजं कोण करणार, असं तिने हळूच विचारलं. मास्तर म्हणाले, "मी केली नव्हती का तू जन्मायच्या आधी? दाब."

जनावरांच्या कॉलेजच्या पहिल्या प्रवेश-यादीत तिचं नाव आलं नाही. आठवडाभर मास्तरांनी सगळ्यांच्या बाह्या आखूड शिवल्या आणि कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्या यादीत आलं. तिला बसमध्ये बसवून आल्यावर मास्तरीणबाई, म्हणजे टाचणीची आई, दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत, माझ्याशीसुद्धा.

काल टाचणीचा फोन आला. वासराने तिच्या पायावर पाय दिला, नख काळंनिळं झालंय, आणि पोरगी जाम खुशीत आहे. मास्तर ही बातमी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाईक नवल वाटल्याचं सोंग करतं, कारण दुकानापर्यंत यायचं तर माझ्या खिडकीखालूनच यावं लागतं.