रावसाहेबांची पाइपलाइन

कॅनडात एडमंटनच्या उत्तरेला, उणे चाळीसमध्येही तेल वाहतं राहावं म्हणून कंपनीला सल्ला देणारे एक इंजिनीअर होते, रावसाहेब गजभिये. मूळचे नागपूरचे. पाइप गोठण्याबद्दल त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. बायको ललिता सोडून.

जानेवारीत पुतणीच्या लग्नाला तीन आठवडे नागपूरला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ललिता म्हणाली, "अहो, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करून, नळ उघडून पाइप रिकामे करू या. आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवू. ती भिंत बाहेरची आहे, घरातली ऊब पाइपांपर्यंत पोचायला हवी."

"काहून? मी पाइपलाइनवाला माणूस आहे. घरातला अर्ध्या इंचाचा पाइप मला शिकवतेस?" त्यांनी हीटिंगचा थर्मोस्टॅट बारा अंशांवर आणला, हॉलमध्ये कॅमेरा बसवला आणि कपाटाची दारं लावून टाकली. "घर आता माझ्या खिशात आहे."

ललिता वाद घालत बसली नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या कृतिकाला तिनं किल्ली दिली, तळघरात नेऊन व्हॉल्व्ह दाखवला आणि रोज एक चक्कर मारायला सांगितलं.

लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी रावसाहेब पाहुण्यांना फोनवर घर दाखवत होते. "हा बघा आपला सोफा. बाहेर उणे अडतीस आहे, अन् आत कसं शांत!"

तेवढ्यात ललिताचा फोन वाजला. कृतिका धापा टाकत होती. "ताई, किचनमध्ये पाइप फुटलाय! मी व्हॉल्व्ह बंद केलाय, पण बेसमेंटचं सीलिंग खाली आलंय."

"अहो, घरात पाणी झालंय."

"शक्यच नाही," रावसाहेब फोन पुढे करत म्हणाले. "हे बघ, सोफा कोरडा आहे."

सोफा कोरडा होता, हे खरंच. कॅमेरा किचनकडे पाठ करून बसवलेला होता.

परतल्यावर विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "थंडीत चार दिवसांपेक्षा जास्त घर रिकामं होतं. पाणी बंद करून पाइप रिकामे केले होते का? की रोज कुणी आत येऊन बघत होतं?"

"मी स्वतः रोज बघत होतो," रावसाहेब म्हणाले. "फोनवरून."

"सर, तुमच्या पॉलिसीत ते धरत नाहीत. कुणीतरी प्रत्यक्ष आत यायला हवं. नाहीतर गोठलेल्या पाइपचा क्लेम आम्ही नाकारतो."

रावसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ललितानं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कृतिकाचं नाव, नंबर सांगितला. बाईंनी कृतिकाशी बोलून खात्री करून घेतली. क्लेम मंजूर झाला. त्या संध्याकाळी रावसाहेब जेवताना एकदाही पाइपबद्दल बोलले नाहीत. ललितालाच कसंतरी वाटलं. तिनं त्यांना आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या हिवाळ्याआधी आंबेडकर असोसिएशननं 'घर, थंडी आणि विमा' यावर व्याख्यान ठेवलं. वक्ते अर्थात रावसाहेब. फार छान बोलले. व्हॉल्व्ह बंद करा, कपाटं उघडी ठेवा, शेजाऱ्यांना किल्ली द्या, पॉलिसी वाचा. टाळ्या पडल्या. नुकतंच घर घेतलेल्या कपिलनं विचारलं, "सर, तुम्हाला स्वतःला कधी त्रास झाला का?"

"किरकोळ," रावसाहेब म्हणाले. "आधीच सगळी व्यवस्था करून ठेवली होती ना!"

मागच्या टेबलाशी ललिता चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही, पण कृतिकाच्या कपात साखर जरा जास्तच घातली.