मेन बंद केल्यावरही

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वसुमतीबाईंना सगळे ओळखत ते टेलिफोन एक्सचेंजमधल्या ऑपरेटर म्हणून. अठ्ठावीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी गावाची सुखदुःखं जोडून दिली, पण वायरीला कधी बोट लावलं नाही. विजेची त्यांना लहानपणापासून धास्ती.

शहाण्णव सालच्या एका सकाळी टीव्ही पुसताना त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी ते नवऱ्याच्या, रघोजीरावांच्या कानावर घातलं. रघोजीराव सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले, टापटिपीचे. खिडकीपाशी फोनची, केबलची आणि जुन्या अँटेनाची वायर एकमेकींत गुंतून लोंबत होती, ती त्यांच्या डोळ्यांत कधीची सलत होती. आज हा गुंता सोडवतोच म्हणाले. टीव्हीचं बटण बंद केलं, मागून केबल ओढून काढली आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तिचं उघडं टोक मुठीत धरलं.

ते ओरडले नाहीत. नुसते ताठ झाले. जबडा आवळला, डोळे बायकोवर खिळले.

बाईंचा हात पुढे गेला आणि हवेतच थांबला. शिवलो तर आपणही चिकटू, एवढं त्यांना ठाऊक होतं. धावत जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. रघोजीराव तसेच चिकटलेले होते. आता बंद करायला घरात काही उरलंच नव्हतं.

मग त्यांना कपडे वाळत घालायची कोरडी वेळूची काठी दिसली. ती त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर हाणली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मूठ सुटली आणि ते खाली कोसळले. श्वास चालू होता.

फोन उचलायचा धीर होईना, त्याचीही वायर त्याच गुंत्यात. बाई रस्त्यावर धावल्या. शेजारचे सूर्यनारायण रिक्षा घेऊन आले, म्हणून इस्पितळ वेळेवर गाठता आलं.

चार घरं पलीकडे केबल विजेच्या तारेला घासून सोलली होती आणि वीज बाहेरून केबलमधूनच घरात येत होती, हे दुपारी लाइनमनला आढळलं. पुढच्या आठवड्यात बाईंनी समोर उभं राहून फोनची वायर एका भिंतीने न्यायला लावली, केबल दुसऱ्या भिंतीने, आणि जुनी अँटेना उतरवून टाकली. तरी महिनाभर टीव्हीजवळ जायला त्यांचे पाय धजले नाहीत.

हाताचं प्लास्टर निघाल्यावर रघोजीराव हात वळवून बघत म्हणाले, "विजेनं सोडलं, मनगट मात्र तू मोडलंस."

"दुसरं काही सुचलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे बघवत नव्हतं."