शोभाबाजारला उतरलेल्या कुसुमताई

कुसुमताई पाटोळे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहिताना मला भीती वाटते आहे, हे आधीच सांगून टाकतो. ताईंना सगळे निर्भय म्हणतात. या ग्रंथातही तो शब्द पुष्कळदा येईल. मी मात्र ताईंना घाबरलेले पाहिले आहे, आणि माझा त्यांच्याविषयीचा आदर तिथूनच सुरू होतो.

बँकेने माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. सहा महिन्यांत ती 'बाबा, मी पाणी खाल्लं' असे बंगाली वळणाचे मराठी बोलू लागली. कोणीतरी सांगितले, डमडमला निवृत्त शिक्षिका पाटोळेबाई राहतात, रविवारी दुपारी मराठी मुलांना शिकवतात, एक पैसा घेत नाहीत. आमच्या सॉल्ट लेकच्या घरून दोन रिक्षा बदलून आम्ही पोहोचलो. मधल्या सुट्टीत ताईंनी सगळ्यांना पोहे दिले. मी बशी हातात घेतली आणि सवयीने क्षणभर डोळे मिटून मान खाली घातली. वर पाहिले तर ताई माझ्याकडे बघत होत्या. मी चपापून चमचा उचलला. त्या एवढेच म्हणाल्या, "लिंबू हवंय का?"

चपापण्याचे कारण सांगायला हवे. मी ख्रिस्ती आहे, आणि तेव्हा हे इथे कोणालाच ठाऊक नव्हते. बँकेत माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'वाय. आर. साळवे' असे होते. इथल्या मराठी मंडळींनी आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी छापली, तेव्हा कोणीतरी आपल्या मनाने 'वाय'चा 'यशवंत' केला. ती चूक मला पहिल्याच दिवशी दिसली. दुरुस्त करायला एक फोन पुरला असता. तो मी सहा वर्षे केला नाही. मंडळी घरी जेवायला यायची त्या दिवशी भिंतीवरचा क्रूस कपाटात जायचा. बायको म्हणायची, "पाहुणे जेवून जातात आणि देव उपाशी कपाटात." मी हसण्यावारी न्यायचो. लोक दूर होतील, बाटवायला आला म्हणतील, मुलीला वाढदिवसांना बोलावणार नाहीत, ही यादी माझ्या डोक्यात सदैव तयार असे.

ताईंचे तसे नव्हते. त्या ख्रिस्ती आहेत हे सर्वांना माहीत होते आणि त्याचा त्रासही त्यांनी सोसला. एकदा कुजबुज झाली, की ही शिकवणी आहे की धर्मप्रचार? दोन मुले यायची बंद झाली. ताई त्यातल्या एका मुलाच्या घरी गेल्या आणि त्याच्या आईला म्हणाल्या, "माझ्या वर्गात बाराखडी असते आणि पोहे असतात. तुम्ही स्वतः येऊन बसा." त्या माउली लोकरीचे विणकाम घेऊन महिनाभर कोपऱ्यात बसल्या. स्वेटर पूर्ण झाला, मुलगाही पुन्हा येऊ लागला. आज त्या याच ग्रंथाच्या संपादक मंडळात आहेत. गणपतीत मुलांना मोदकाच्या पाऱ्या करायला शिकवणाऱ्याही ताईच. त्यांचा नियम साधा आहे: विचारल्याशिवाय सांगू नये, विचारल्यावर लपवू नये.

या नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर माझे पाऊल घसरले.

एस्प्लनेडच्या आमच्या शाखेत देवधर माझे वरिष्ठ होते. पुण्याचे, सोवळ्यात पूजा करणारे, मनाने अतिशय मोकळे. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. सोमवारी इस्पितळात भेटायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "यशवंतराव, गुरुवारी मला उघडणार आहेत. फार भीती वाटतेय हो. तुम्ही कधी डगमगलेले दिसत नाही. अशा वेळी मनात काय म्हणता तुम्ही?"

माणसाने याहून सरळ काय विचारावे? "काही नाही साहेब, सवयीचा भाग," असे म्हणून मी पाच मिनिटांत काढता पाय घेतला. शस्त्रक्रिया त्यांची होती आणि पळालो मी.

मंगळवारी डमडमला जाऊन ताईंना सगळे सांगितले, यशवंतचेसुद्धा. "ताई, तुम्ही चला. तुम्हीच बोला. मला जमणार नाही." ताई "येते" म्हणाल्या.

बुधवारी दुपारी आम्ही डमडमहून मेट्रोत बसलो. शोभाबाजार स्टेशन आले, आमचे अजून पुढे होते, तोच ताई अचानक उठल्या आणि खाली उतरल्या. मी धावत मागे. त्या फलाटावरच्या बाकावर बसल्या. चेहरा पांढरा, पदराचे टोक मुठीत.

"ताई, बरं वाटत नाहीये का?"

"भीती वाटतेय, साळवे. दर वेळी वाटते. त्यांच्या घरच्यांनी हाकलून दिलं तर? मी बोलले आणि ते चुकीचं निघालं तर?"

मी हादरलो. आधार म्हणून ज्यांना आणले त्याच कोसळतात की काय! एक गाडी गेली. दुसरी गेली. मग ताईच बोलू लागल्या. तरुणपणी त्या ज्या शाळेत शिकवत, तिथल्या एका सहशिक्षिकेचे मूल गेले होते. त्या बाईंनी ताईंना विचारले होते, तुला एवढी शांती कुठून मिळते? "मी म्हटलं, माझा स्वभावच तसा आहे. पुढच्या महिन्यात त्या गाव सोडून गेल्या, पुन्हा भेट नाही. त्यांचं उत्तर माझ्याकडेच राहिलंय." मग पदर सारखा करून त्या उठल्या. "भीती जायची वाट बघितली तर देवधर थांबतील का? चला, तिसरी गाडी येतेय."

इस्पितळात ताईंनी देवधरवहिनींच्या हाती मऊ भाताचा डबा दिला आणि देवधरांची चौकशी केली. मी त्यांच्याकडे आशेने पाहिले. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, मला नाही." आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी घाबरत घाबरत म्हणालो, "साहेब, परवा मी खोटं बोललो. मी यशवंत नाही. माझं नाव योहान. मी ख्रिस्ती आहे. मीही भितो, रोज भितो. तेव्हा येशूला सांगतो, मला एकटं सोडू नकोस." वहिनींच्या हातातला डबा तसाच राहिला. आता निघून जा म्हणतील, असे मला वाटले. देवधर म्हणाले, "मग माझ्यासाठी सांगा की त्याला." मी प्रार्थना केली. शब्द आठवेनात, दोनदा अडलो, शेवट तर धड झालाच नाही.

देवधर बरे झाले. ते माझ्या प्रार्थनेने झाले असे मी म्हणणार नाही. डॉक्टर कुशल होते. ते आता पुण्यात असतात, आजही सोवळ्यात पूजा करतात, आणि फोनवर मला 'योहानराव' म्हणतात. मी एकदा धीर करून विचारले, त्या दिवशी माझा राग नाही आला? ते म्हणाले, "राग कसला? तुमचा आवाज माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. म्हटलं, भ्यायलेल्या माणसाजवळही देव उभा राहतो, मग आपलंही होईल काहीतरी."

एवढे होऊनही छापील यादी मी बदलून घेतली नाही, हे कबूल करतो. एका खोलीत बोलणे वेगळे आणि गावभर होणे वेगळे. या लेखाची विनंती आली ती 'श्री. यशवंत साळवे' यांच्या नावाने. ते पत्र तीन आठवडे टेबलावर पडून होते. हा ग्रंथ शाखेतले लोक वाचतील, मंडळी वाचतील, मुलीच्या मैत्रिणींचे आईवडील वाचतील. शेवटी ताईंना फोन केला. म्हटले, "हात कापतोय." त्या म्हणाल्या, "कापू दे. अक्षर थोडं वेडंवाकडं येईल, तेवढंच."

ताई, तुमचे गुडघे तुम्हाला अजून पुष्कळ वर्षे मेट्रोचे जिने चढू देवोत. रविवारचे पोहे आणि मुलांचा गलका तुमच्या घरी नांदो. शंभरी गाठा, आणि वाटेत कुठे घाबरून उतरावेसे वाटले तर खुशाल उतरा. बाकावर शेजारी मी बसेन, पुढची गाडी येईपर्यंत.

संपादकांना एकच विनंती: लेखाखाली नाव खाली दिल्याप्रमाणेच छापावे.

योहान रत्नाकर साळवे